डोळे मात्र ठणठणीत

औषधाच्या दुकानात गर्दी होती आणि शेजारच्या चष्म्याच्या दुकानात एक खुर्ची रिकामी होती, एवढ्याच कारणानं ती आत शिरली. तिला बसायचं होतं.

"डोळे तपासायचे?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तपासा," ती म्हणाली. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

तसं कारणही होतंच. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा ती कालवून द्यायची. आठ वर्षांत एक डबा परत आला नव्हता, आता दोन महिन्यांत पाच आले. फिका पिवळा मागितला की भिंतीवर भडक निघायचा. ती तरी काय करणार... कालवताना कितीही रंग ओतला तरी तिला तो मळकटच दिसायचा.

"हे स्पष्ट, की हे?"

"सारखंच. सगळं सारखंच आहे हो."

"डोळे ठणठणीत आहेत." तो जरा घुटमळला. "शिवाय छान आहेत — पण ते तपासणीत धरत नाहीत."

हसू निघालं, आणि वाटेतच दमून बसलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही.

"झोप लागते?" तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं.

"पहाटे चारला जाग येते."

"जेवण?"

"तुम्ही डोळ्यांचे की पोटाचे?"

"सांगा तर."

"आई समोर बसते म्हणून चार घास. पण मला दुःख वगैरे काही नाही हं. घरी सगळं नीट आहे. मीच आळशी झालेय."

तो म्हणाला, "माझी ताई हेच म्हणायची. आम्हीही वर्षभर तिला आळशीच म्हणत होतो. शेवटी मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे नैराश्य आहे." त्यानं एका चिठ्ठीवर डॉक्टरांचा आणि खाली स्वतःचा फोन नंबर लिहून दिला.

"म्हणजे मला वेड लागलंय?" ती ताडकन उठली.

अठरा दिवस ती फिरकली नाही. चिठ्ठी पर्समध्येच होती. रोज सकाळी फोन करायचं ठरायचं, आणि हात उशाशी असलेल्या फोनपर्यंत जायचा नाही. यातून बाहेर पडायला जे बळ लागतं, तेच हे दुखणं आधी खाऊन टाकतं. ती मात्र स्वतःलाच बोल लावत पडून राहायची.

एकोणिसाव्या दिवशी तिनं फोन केला, तोही त्यालाच. "डॉक्टरांची वेळ घ्याल? एकटीनं जायला पाय निघत नाही..."

"घेतो. आणि येतोही."

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसली.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता."

ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "मला बरं वाटायला हवं ना? वाटत नाहीये. सध्या कशाचंच काही वाटत नाही. माफ करा."

"माहीत आहे."

"मग आत्ताच कशाला सांगितलंत?"

"बऱ्या झाल्यावर सांगितलं असतं, तर बऱ्या झालात म्हणून आवडलात असं वाटलं असतं तुम्हाला."

आतून तिला बोलावलं. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि आपली पर्स त्याच्या मांडीवर ठेवली.

"सांभाळा," ती म्हणाली. "वेळ लागेल."