उसनं मनगट

"जरा मनगट देता का?"

शब्द तोंडातून गेले आणि कृपाला स्वतःचीच लाज वाटली. नगरच्या भर कापडबाजारात, छगनशेठच्या घड्याळाच्या दुकानात, जन्मात कधी न पाहिलेल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे... पण करणार काय? छगनशेठचं मनगट असं गुबगुबीत की कुठलाच पट्टा त्याला पुरत नव्हता.

बंद पडलेलं गजराचं घड्याळ पोटाशी धरून उभा असलेला तो तरुण गोंधळला.

"माझं?"

"दुसरं कोण आहे इथं?"

"न्हाई, देतो की. परत मिळंल ना?"

छगनशेठ खदखदून हसला. कृपानं मात्र न हसता पर्समधून दोरा काढला. आदल्या दुपारी बाबा आरामखुर्चीत डुलकी घेत असताना त्यांच्या मनगटाला गुंडाळून घेतलेलं माप होतं ते. तिनं दोरा त्या तरुणाच्या मनगटाभोवती फिरवला. अगदी बरोबर बसला.

दुसरं महायुद्ध संपलं होतं, दुकानांतून पुन्हा मनगटी घड्याळं दिसू लागली होती. कृपाचे बाबा राहुरीच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. पुढच्या रविवारी ते निवृत्त होणार होते आणि मंडळीतल्या चार वडीलधाऱ्यांनी त्यांना घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. तेही गुपचूप! कारण आधी कळलं असतं तर 'ते पैसे गोरगरिबांना वाटा' म्हणून पाळकसाहेब मोकळे झाले असते. निवडीचं काम मुलीवर आलं. सोबतीला आलेल्या रतनबाई दवाखान्यात बहिणीला बघायला गेल्या होत्या, म्हणून ही एकटीच काचेच्या पेटीत डोकं घालून बसली होती.

हे सगळं तिनं त्या तरुणाला सांगून टाकलं. ज्याचं मनगट वापरायचं त्याला एवढं तरी सांगायला नको का?

"हे कसं दिसतंय?" तिनं पहिलं घड्याळ बांधून विचारलं.

"झकास हाय."

"आकडे बारीक आहेत. बाबांना दिसायचे नाहीत." तिनं दुसरं बांधलं. "आणि हे?"

"हेबी झकास हाय."

"तुम्हाला सगळंच झकास वाटतं का हो?"

"बांधणारीवर हाय ते," तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

ऐकलंच नाही असं दाखवत कृपानं तिसरं घड्याळ घेतलं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, नव्या चामड्याचा वास. थंडीचे दिवस होते, गार धातू लागला तसा त्याचा हात शहारला. टिकटिक ऐकायला तिनं त्याच्या मनगटाशी कान नेला... त्यानं श्वासच रोखून धरला.

"चालतंय का?" त्यानं हळूच विचारलं.

"चालतंय काय, धावतंय!" ती म्हणाली. हे नक्की घड्याळाबद्दलच होतं का, ते तिला विचारू नका.

घड्याळ डबीत गेलं. "हे कुणाला सांगायचं नाही हं. शपथ घ्या," कृपानं बजावलं.

"शपथ वाहू नये म्हणतात आपल्यात. शब्द देतो."

"आपल्यात?"

"मी शांतवन. मिरजगावचा. सोमवारपासून मिशनच्या शाळंत मास्तर म्हणून येतोय... तुमच्या राहुरीलाच!"

दोघं एकमेकांकडे पाहतच राहिली. आणि नेमकं तेव्हाच समोरच्या कासाराकडे बांगड्या भरणाऱ्या चांगुणाकाकू त्या दोघांकडे पाहत होत्या.

चांगुणाकाकू पाळकसाहेबांच्या शेजारी राहायच्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून घड्याळाचं गुपित त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिथंच घात झाला. त्या काळी मंडळीत मागणी ठरली की मुलीकडची माणसं नवऱ्या मुलाच्या मनगटावर घड्याळ बांधत. पाळकांची लेक परक्या तरुणाच्या मनगटावर घड्याळामागून घड्याळ बांधून बघतेय, याचा दुसरा काय अर्थ निघणार? संध्याकाळची मोटार राहुरीला पोचली आणि निम्म्या गावात कृपाचं लग्न ठरलं.

सोमवारी शांतवन रीतीप्रमाणे पाळकसाहेबांना सलाम करायला आला. कृपा चहा घेऊन बाहेर आली तर बाबांचा चेहरा कधी नव्हे इतका गंभीर.

"मास्तर, शनिवारी माझ्या मुलीनं तुमच्या मनगटावर घड्याळ बांधलं, हे खरं?"

"व्हय, साहेब."

"कुठंय ते?"

शांतवननं आपल्या उघड्या मनगटाकडे पाहिलं. "ते सांगता यायचं न्हाई. शब्द दिलाय."

"तिचा आणि तुमचा संबंध काय?"

शांतवननं मान खाली घातली. बाबा कृपाकडे वळले. ते रागावले असते तर तिला चाललं असतं, पण त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"मला न विचारता, बाळ?"

एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं, पण मग चार म्हाताऱ्यांच्या हौसेवर पाणी पडलं असतं.

"बाबा, रविवारपर्यंत विचारू नका. तुमचा विश्वास मोडेल असं मी काही केलेलं नाही."

"आणि हे मास्तर?"

'ते माझे कुणी नाहीत.' वाक्य जिभेवर आलं होतं, पण ओठ काही उघडेनात. तिनं चहाची कपबशी मास्तरांपुढे ठेवली आणि ती आत निघून गेली.

मग आठवडाभर गावाला चघळायला विषय मिळाला. पाणवठ्यावर बायका खाकरायच्या, हुरड्याच्या शेकोटीभोवती दोघांना मुद्दाम शेजारी बसवायचे. चांगुणाकाकूंनी तर हळदसुद्धा दळायला काढली. रतनबाईंना सारं ठाऊक होतं, पण त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत कळ काढ गं."

शाळेच्या वाटेवर शांतवन भेटला.

"लोकांना नाही म्हणा ना तुम्ही," कृपा म्हणाली.

"म्हणलो असतो. पर लोक इचारतील, मग घड्याळ कुणाचं? तुमीच म्हणा."

"मी तरी कशी म्हणू?"

"मग दोघंबी गप ऱ्हाऊ," तो म्हणाला. त्याला याचं फारसं दुःख झालेलं दिसत नव्हतं. तिलाही झालं नव्हतं, आणि याचीच तिला धास्ती वाटत होती.

रविवार उजाडला. उपासना संपल्यावर वडीलधाऱ्यांनी पाळकसाहेबांना पुढं बोलावून त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि सगळी हकिगत सांगितली. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी कृपाला जवळ घेतलं, "माझंच चुकलं बाळ," म्हणाले. मंडळी हसून हसून बेजार झाली.

"म्हंजी घड्याळ पाळकसायबांचं व्हय?" चांगुणाकाकू हिरमुसल्या. "आगं बया! मंग लगीन न्हाई?"

कृपाही हसली. सुटले एकदाची, असं तिनं मनाला सांगितलं. पण मन ऐकेना. आठवडाभर जे खोटं होतं ते आज खरोखरच खोटं ठरलं होतं आणि तिला रडू येत होतं. उद्यापासून कुणी खाकरणार नाही, कुणी त्याच्या शेजारी बसवणार नाही.

लोक पांगले. ओसरीवर बाबा नव्या घड्याळाला किल्ली देत होते. शांतवन समोर येऊन उभा राहिला. टोपी काढून त्यानं हातात घट्ट धरली होती.

"साहेब, तुमी इचारलं हुतं, तुमच्या लेकीचा न् माझा संबंध काय. आज सांगतो. काईच न्हाई..." तो अडखळला. "पर असावा, असं मला लई वाटतं. तुमची हरकत नसंल तर... अन् त्यांची."

बाबांनी चष्म्यावरून कृपाकडे पाहिलं. "ऐकलंस? आता बोलतेस, की आणखी एका रविवारपर्यंत थांबू?"

कृपानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बाबा, त्या दिवशी 'ते माझे कुणी नाहीत' एवढंच सांगितलं असतं, तरी भागलं असतं. घड्याळाचं गुपितही फुटलं नसतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं शांतवनकडे पाहिलं. त्यानं श्वास रोखला होता.

"खोटं कसं बोलू, बाबा?"