आईच्या जेवणाला सोबत

आमच्या इमारतीत ज्येष्ठांसाठी काय नाही? लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, गच्चीवर दर रविवारी हास्यक्लब आहे. वडील आप्पाण्णा गेल्यावर मी आईला निपाणीजवळच्या गावातून बेळगावला, टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीनं तिला हौसेनं त्या क्लबात नेलं. परत येऊन आई म्हणाली, "कायबी झालं न्हाय तरी हसायल्यात." तो विषय तिथंच संपला.

आम्ही जैन. आई सूर्य मावळायच्या आत जेवते, नंतर पाणीसुद्धा नाही. उद्यमबागेतली माझी फाउंड्री आटोपून मी घरी येतो तोवर दिवे लागलेले असतात. माझी बायको रचना शिकवण्या संपवून त्याहून उशिरा येते. त्यामुळं आई रोज एकटी जेवायची, आणि आम्ही जेवायला बसलो की समोर बसून आमच्या ताटांकडं बघायची. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. तिची पोलकी सैल झाली. डॉक्टरांनी चार तपासण्या करून घेतल्या आणि मग सांगितलं, "रिपोर्ट उत्तम आहेत. त्यांच्यासोबत कुणीतरी जेवत जा."

पुण्याहून माझी बहीण दिव्या वृद्धांच्या एकटेपणावरचे लेख पाठवायची. रोज, सकाळी, हात जोडल्याच्या चित्रासकट. शेवटी तिनं पुण्यातली एक संस्थाच शोधून काढली. आईचं खाणं महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर येऊन तिला घेऊन जाणार, असं तिनं जाहीर केलं. आईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला अजून किती गावं फिरवणार हाईसा?"

गावात आईची एक रीत होती. सकाळी जेवणाआधी तांब्याभर पाणी घेऊन दारात उभं राहायचं. आहाराला निघालेले मुनी दिसले तर "नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ" म्हणून त्यांना थांबायची विनंती करायची, त्यांचा आहार झाला की मग आपण जेवायचं. मुनी यायचे ते गावात मुक्काम असला तर. एरवी आई जरा वेळ रस्ता बघायची आणि आत वळायची. फ्लॅटवरही तिनं ते सुरू ठेवलं. पण सकाळी आमचं दार म्हणजे बसस्टँड. दूधवाला, कचरेवाली, किल्ल्या शोधणारी रचना, आणि मधोमध तांब्या घेतलेली आई. एकदा तिनं खाली ठेवलेल्या तांब्याला अडखळून मी लिफ्टपर्यंत गेलो.

"आई, हे संध्याकाळी करत जा. तेव्हा दार मोकळं असतंय."

"संध्याकाळी कोण निघतंय रं श्रेयांस, आहाराला? एकदाच घेत्यात ते, सकाळी."

"कुणी निघायला कशाला पाहिजे? तू म्हण आणि जेव."

आई सहसा माझं ऐकत नाही. हे ऐकलं.

आठवड्याभरात ज्वारीचं पीठ लवकर संपायला लागलं. आईच्या चेहऱ्यावर तकाकी आली. मला बरं वाटलं, मी दिव्याला तसं कळवलं, आणि लेख थांबले. मग रचनाच्या लक्षात आलं की मांडणीत रोज दोन ताटं पालथी असतात. जेवण झालं की ताटात पाणी घालून, धुऊन, ते पाणी पिऊन टाकायचं, कण वाया घालवायचा नाही, ही आईची शिस्त. त्यामुळं ताट लख्ख. त्यात कोण जेवलं, हे सांगायला मागं काही उरत नाही.

मी विचारलं. पाहुणा येतोय, असं उत्तर मिळालं. कोण पाहुणा? नाव विचारलं नाही, जेवायला आलेल्याला नाव विचारायचं असतं व्हय?

"काय बोलतात ते?"

"कमीच बोलत्यात," आई म्हणाली. "पर ऐकून घेत्यात." आणि माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघितलं.

वाटलं, कुणी भामटा असणार. वॉटर फिल्टर विकणारा, नाहीतर मतं मागणारा. वॉचमननं कुणालाच वर सोडलं नव्हतं. सेक्रेटरीनं मोठ्या अभिमानानं जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. आई दारात आली. तांब्या घेऊन उभी राहिली. ओठ हलले. मग ती वाकली, आणि बाजूला सरकून भिंतीला टेकली. कुणाला आत जायला वाट द्यावी तशी. तेवढी वाट देऊन झाल्यावर तिनं दार लावून घेतलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"कॅमेऱ्याची रेंज जरा कमी आहे," सेक्रेटरी म्हणाला. तीन फुटांवरच्या आईच्या लुगड्याच्या काठाचे धागे मोजता येत होते.

विसरायचा रोग असेल, असं मी ठरवलं. कारण ठरवलं की माणसाला झोप लागते. पण शेजारच्या जयाबाईंनी लिफ्टमध्ये गाठलं. पोरगा असावा तर असा, म्हणाल्या, रोज संध्याकाळी आईशी गप्पा काय, हसणं काय, भिंतीतनं सगळं ऐकू येतंय. टीव्ही असेल, मी म्हणालो. जयाबाई हसल्या. "टीव्ही तुमच्या आवाजात 'आई' म्हणतोय व्हय?"

मी आभार मानले. न केलेल्या कामाचं कौतुक नाकारायची मला सवय नाही. पण तिसऱ्या मजल्यावर उतरल्यावर, खिशात किल्ली असताना, मी घराची बेल वाजवली.

त्या दिवशी मी आईला सांगून टाकलं, दारात उभं राहायचं बंद. तिनं वाद घातला नाही. जेवणही बंद केलं. भाकरी झाकलेली तशीच राहायची. चौथ्या दिवशी न्हाणीच्या दारात तिला चक्कर आली. रचनानं दिव्याला फोन केला आणि दिव्यानं गाडी ठरवली. रविवारी सकाळी येते, आईची बॅग भरून ठेवा.

शनिवारी भट्टी सुपरवायझरवर सोडून मी दिवस असतानाच घरी आलो. आई डायनिंग टेबलाशी बसली होती. भाकऱ्या केलेल्या होत्या. ताटं दोन होती, दोन्ही रिकामी.

"तुझ्याबरोबर जेवायला आलोय," मी म्हणालो.

"त्येंनी बसल्याबगार मी कशी बसू?"

समोरच्या इमारतीवरच्या टाकीला सूर्य टेकला होता. तो गेला की आई उद्यापर्यंत काही खाणार नव्हती, आणि उद्या दिव्या. मी आईवर चिडलो होतो, दिव्यावर चिडलो होतो, त्या टाकीवरसुद्धा.

"बरं. बोलव."

"तूच बंद केलास. तूच बोलव."

मी तांब्या उचलला. दारात उभा राहिलो. बँकेला फोनवर जन्मतारीख सांगावी तशा आवाजात ते शब्द म्हणालो. जिना रिकामा होता. लिफ्ट खाली थांबलेली होती. आत येताना, का कोण जाणे, मी भिंतीला टेकून वाट दिली.

मग मुद्दाम आईच्या समोरची खुर्ची ओढली.

"ती त्येंची हाय."

"त्यांना दुसरीकडं बसव."

आईनं तिसरं ताट घेतलं. माझ्या बाजूला, एरवी रात्री मी बसतो त्या खुर्चीपुढं मांडलं. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. आधी तिथं वाढलं, मग मला, मग स्वतःला.

आणि ती जेवली.

अख्खी भाकरी. मग दुसरी. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दिव्याला परत पाठवता येईल, असं वाटलं. आईशी काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द शोधत होतो. भट्टी, भाव, पाऊस. काही सुचेना.

आई मधेच हसली. कुणी काही सांगितल्यासारखी. मान डोलावली. "व्हय की," म्हणाली.

मी काहीच बोललो नव्हतो.

भिंतीवरचं ऊन जायला आलं.

आई ताट धुऊन ते पाणी प्यायली. मी बाजूला बघितलं. तिसरं ताट लख्ख होतं. कोरडं.

आई त्या खुर्चीकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी गावाकडं, लहानपणी बघितलं होतं.

"लई दिसांनी असा बसलास रं, श्रेयांस. दिव्याला सांग, मी कुटं जात न्हाय. उद्याबी येशील न्हवं?"

ती थांबली. उत्तराला लागतो तेवढाच वेळ. मग समाधानानं हुंकारली.

नंतर तिनं डोक्यावरचा पदर सावरला, जरा अंग चोरून घेतलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"आणि पाहुणं, तुमी आज कायच बोलला न्हाईसा."