उजवा डोळा कोरा

आमच्या ह्यांनी कोरलेला लाकडी मासा पाण्यात उतरायचा तो एकाच डोळ्याने. बाकी सगळं साग्रसंगीत असायचं. खवले, कल्ले, चंदेरी पोट, पोटाखाली आणि शेपटीला गळ. उजवा डोळा तेवढा कोरा. त्या खोट्या माशाला पहिला खरा मासा लागला, की मगच तो रंगवायचा. हा नियम जावयाला लावला असता तर बिचारा अजून एकाक्ष असता.

बुबुळाचंही त्यांचं ठरलेलं होतं. ते मधोमध काढायचे नाहीत, शेपटीकडे सरकवायचे. म्हणायचे, "भ्यालेला मासा मागे बघत पळतो, आणि मोठा मासा पळणाऱ्यालाच धरतो." वर्तुळ पुरं करून ब्रश उचलताना खाली एक बारीक शेपूट राहायचं. ती त्यांची सही म्हणा.

मी शाळेत फार गेले नाही, पण कुठला खोटा मासा कधी टाकायचा हे मला कुणी शिकवू नये. गढूळ पाण्याला भडक पिवळा, नितळ पाण्याला चंदेरी. तोंडाखालची प्लास्टिकची जीभ जितकी लांब, तितकी त्याची बुडी खोल. आमच्या धक्क्यापुढे उथळ खडक आहेत, तिथे आखूड जिभेचा, तरंगणाराच हवा. हौशी मंडळी दुकानातून लांब जिभेचा झगमगीत मासा आणतात, तो खडकाला अर्पण करतात आणि समुद्राला शिव्या घालत घरी जातात.

हे एकदा होडी घेऊन गेले. होडी परत आली.

घरात त्यांच्या हातचा एकच मासा उरला, एकडोळ्या. मी लेकीला शब्द दिला होता, ह्याला पहिला मासा लागला की दुसरा डोळा मी रंगवीन, घराला कुलूप लावीन आणि तुझ्याकडे राहायला येईन. ती बिचारी दर खेपेला रिकामी बॅग घेऊन यायची आणि रिकामीच घेऊन जायची.

गेल्या खेपेला तिने तो मासा खुंटीवरून काढून उलटासुलटा केला.

"आई, तू हा पाण्यात टाकतेस तरी का?"

"टाकते की."

"मग पोटाला एक ओरखडा नाही? गळांना गंज नाही?"

"तू वकील व्हायचीस. उगाच नोकरी धरलीस."

"तुला मासा लागायलाच नकोय," ती हळूच म्हणाली.

झोंबलं. गळाची काठी उचलली आणि तिच्यादेखत धक्क्यावर गेले. दुपार कलली होती, वारा पडलेला. भरती संपून पाणी नुकतंच ओसरायला लागलं होतं, आणि तळ दिसेल इतकं नितळ. चंदेरी पोट, आखूड जीभ. कारण काढायला जागा नव्हती.

मासा टाकला. रीळ सावकाश फिरवत राहिले. चांगला कोरलेला मासा ओढताना डावीउजवीकडे डुलतो, काठीला त्याची थरथर लागते. हाही डुलत आला. पुन्हा टाकला. या वेळी थरथर लागली नाही. मासा सरळ येत होता, कुणी हातात धरून आणावा तसा.

लेक पायरीवरून उठली. "आई, ओहोटी ना? मग दोर इकडे कसा येतोय?"

खरंच. पाणी बाहेर चाललं होतं आणि माझा तंगुसाचा दोर त्याच्या उलट, आमच्या धक्क्याकडे सरकत होता. मी रीळ फिरवणं थांबवलं होतं.

"खडकात अडकला असेल," मी म्हटलं.

"अडकलेलं चालतं का गं?"

मी काठी दोन्ही हातांनी धरली.

धक्क्याच्या सावलीशी येऊन दोर ताठ झाला. मासा लागला की हिसका बसतो, काठी वाकते. इथे हिसका नव्हता. मनगट धरावं तशी पकड होती.

मी ओढलं नाही.

मग पकड सुटली.

मासा वर घेतला. लेकीने आधी पाहिलं. "हा डोळा रंगवलास केव्हा?"

"रंग कुठला? डबे तर कधीच वाळून दगड झालेत."

अंगठा टेकवला. काळा रंग लागला, ओला. खाऱ्या पाण्यातून निघालेला. वर्तुळाखाली बारीक शेपूट होतं.



"लागला म्हणायचा, आई," ती म्हणाली. "चल आता."

मी मासा फिरवून पाहिला. डावं बुबुळ शेपटीकडे होतं, नेहमीसारखं. उजवं तोंडाकडे सरकवलेलं. जिथे दोर बांधतात तिकडे. दोराच्या या टोकाकडे, माझ्याकडे.

दिलेला शब्द मी मोडत नाही. कुलूप लावलं, लेकीकडे आले. चौथा मजला, समुद्र दिसत नाही, वासही नाही. दिवसभर लेक-जावई कामावर असतात, घरात मी आणि खिडकीत टांगलेला मासा. लेक कौतुकाने सांगते, इथली हवा फार कोरडी, कपडे तासाभरात वाळतात.

बुबुळ अजून ओलं आहे.