सात वाव आनंद

बोट रात्रभर वेळशेतच्या जेट्टीला बांधून होती. जागची हललीसुद्धा नव्हती. तरी काल संध्याकाळी काठोकाठ भरलेली तिची बॅटरी सकाळी निम्मी रिकामी निघाली.

"गळली असेल," वामन आजोबा म्हणाले.

"वीज गळते का, आजोबा?"

"तूच शोध." शास्त्रज्ञाला उत्तर येत नसलं की तो प्रश्न मुलांच्या अंगावर टाकतो आणि वर त्याला शिकवणं म्हणतो. कस्तुरीला हे पुरतं ठाऊक होतं.

वामन तांडेल यांची सगळी नोकरी समुद्राचा तळ मोजण्यात गेली होती. कस्तुरीची आजी मात्र अजून नोकरीत होती. समोरच्या दीपबेटावरचं हवामान केंद्र ती सांभाळायची. बेटावर लाँच जायची पंधरवड्यातून एकदा, म्हणून आजीही घरी यायची पंधरवड्यातून एकदा. विजेवर चालणारी ही छोट्या केबिनची नवी बोट त्यासाठीच घेतली होती. आजीला रोज संध्याकाळी घरी आणायचं.

मध्ये फक्त एक परीक्षा होती. बेटावर जाऊन परत यायचं आणि आल्यावर बॅटरीत निदान चौथा हिस्सा वीज शिल्लक दाखवायची. तरच बंदर निरीक्षक बाई रोजच्या फेरीला परवानगी देणार होत्या. परीक्षा आजच होती. आज हुकली की थेट पावसाळ्यानंतर.

कस्तुरी केबिनमध्ये शिरली आणि कुडकुडली. आत शीतयंत्र चालू होतं. बर्फ करणारी पेटी गुरगुरत होती. भिंतभर पडदा झगमगत होता. पाण्याखाली निळे दिवे लागले होते. माशांना कशाला उजेड हवा होता, कुणास ठाऊक. आणि भर वैशाखात गरम होणारी एक खुर्ची होती.

"ही कुणी मागितली?"

"वामनरावांनी," कोपऱ्यातून आवाज आला. तो बोटीच्या कारखान्याचा विक्रेता यंत्रमानव. बोट पूर्णपणे ताब्यात देईपर्यंत तो तिच्यासोबतच राहायचा. मालकांनी त्याचं नाव सागरसेवक ठेवलं होतं आणि गिऱ्हाइकांनी गोडबोल्या. चाललं ते दुसरं. "प्रत्येक वस्तू पाहून त्यांना फार आनंद झाला. माझ्याकडे नोंद आहे."

"मला? गरम खुर्ची बघून?" आजोबा उखडले. "कस्तू, तू होतीस ना बरोबर? मी ह्याला फक्त बेटाचा रस्ता सांगितला."

ते खरं होतं. बोट निवडायला गेले त्या दिवशी गोडबोल्या पडद्यावर एकेक वस्तू दाखवत होता आणि आजोबा, समोरचा ऐकतोय की नाही याची पर्वा न करता, पाण्याची खोली सांगत सुटले होते. सुरुंगी खडकापाशी सात वाव, खाडीच्या तोंडाशी दोन वाव. वाव (दोन्ही हात फैलावल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण सहा फूट) हे दर्यावर्दी लोकांचं माप. आजोबा आयुष्यभर कागदावर मीटर लिहीत आले, पण तोंडाने वावच म्हणत.

"भांडण मागाहून," कस्तुरी म्हणाली. "आधी वीज कुठे गेली ते बघू."

"प्रत्येक यंत्रावर वॉटचा आकडा असतो," आजोबा शांत होत म्हणाले. "वॉट म्हणजे वीज किती वेगाने खर्च होते त्याचं माप. हजार वॉटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट वीज संपते. आपल्या घरच्या बिलात येतं तेच युनिट. ह्या बॅटरीत वीस मावतात."

"गोडबोल्या, ह्या सगळ्या चैनीचे मिळून किती वॉट?"

"फक्त एक हजार, ताई."

"आणि रात्रभर म्हणजे दहा तास," कस्तुरीने बोटांवर मोजलं. "दहा युनिट. चोर सापडला, आजोबा. बोट उभी होती, पण तिचं खाणं चालूच होतं."

आजोबा इतके चिडले की दिसेल ते बटण बंद करत सुटले. शीतयंत्र बंद, पडदा बंद, बर्फ बंद. त्यांचा हात खोलीमापकाकडे (तळाकडे आवाज पाठवून, तो परत यायला किती वेळ लागला यावरून पाण्याची खोली सांगणारं यंत्र) गेला, तेव्हा कस्तुरीने तो धरला.

"थांबा. ह्याचे वॉट बघा आधी."

खोलीमापक, रेडिओ, रडार (धुक्यातही पुढची वस्तू दाखवणारं यंत्र) आणि बोटीचे खुणेचे दिवे या सगळ्यांचे मिळून जेमतेम शंभर वॉट निघाले. जीव वाचवणारी यंत्रं चिमणीसारखी चार दाणे टिपत होती. ताव मारत होती ती नुसती मिरवणारी.

आता दहा युनिट उरले होते आणि बॅटरी पुन्हा भरायला वेळ नव्हता. त्यातले पाच परत आणून दाखवायचे. म्हणजे खर्चायला पाचच. पूर्ण वेगात मोटर सहा हजार वॉट खायची. जायला तास, यायला तास.

"बारा युनिट," आजोबा म्हणाले आणि मटकन गरम खुर्चीवर बसले. ती अजून निवली नव्हती. तसेच उठले.

"निम्म्या वेगाने गेलो तर?" कस्तुरीने विचारलं. मग तिचं तिलाच वाटलं, "पण मग वेळ दुप्पट लागेल. वीज तेवढीच जाईल ना?"

आजोबांचा चेहरा उजळला. "हात घाल पाण्यात. हळू ओढ. आता जोरात ओढ."

कस्तुरीने बोटीच्या काठावरून वाकून हात बुडवला. हळू ओढला तेव्हा पाणी बाजूला झालं. जोरात ओढला तेव्हा तेच पाणी हट्टाला पेटल्यासारखं अडून बसलं.

"वेग निम्मा केला की पाण्याचा अडथळा निम्मा होत नाही, साधारण चौथ्या हिश्शावर येतो," आजोबा म्हणाले. "शिवाय दर सेकंदाला कापायचं अंतर निम्मं. चौथ्या हिश्शाचा निम्मा किती?"

"आठवा हिस्सा." ती पुटपुटत राहिली. "सहा हजारांचा आठवा, साडेसातशे वॉट. चार तास. म्हणजे तीन युनिट. आजोबा, जमतंय!"

"घाई केली नाही तर," आजोबा म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कस्तुरीने पहिल्यांदाच ऐकलं.

निरीक्षक बाईंनी बॅटरीचा आकडा पाहिला, भुवई उंचावली आणि जा म्हणाल्या.

बोट इतकी हळू निघाली की बगळे उडायचीही तसदी घेईनात. दीपबेटाच्या धक्क्यावर आजी पिशवी घेऊन उभी होती.

"ह्या वेगाने मी पोहत आले असते," ती चढता चढता म्हणाली. "अहो, दुकानदाराने इंजिन दिलंय ना?"

"विज्ञान आहे ते. बस गुपचूप."

परतीला ऊन चढलं. आजोबा खोलीमापकाकडे डोळे लावून होते. सुरुंगी खडक जवळ आला आणि त्यांचा आवाज जुन्या सवयीने खणखणला, "सात वाव!"

पाण्याखाली निळा उजेड पडला. बर्फाची पेटी गुरगुरली. शीतयंत्राचा झोत आला.

"आपला आनंद पाहून सर्व सोयी पुन्हा सुरू केल्या आहेत," गोडबोल्या नम्रपणे म्हणाला.

बॅटरीचा आकडा खाली घसरायला लागला. आणि त्याच क्षणी कस्तुरीच्या डोक्यात दिवा लागला.

"गोडबोल्या, आजोबांना आनंद झाला हे तुला कसं कळलं?"

"माणसं खूश झाली की वाव म्हणतात, ताई. सहसा एकदा. वामनराव सात वाव म्हणाले. इतकं खूश गिऱ्हाईक कारखान्याने पाहिलेलं नाही."

आजी हसता हसता केबिनच्या दाराला टेकली. "चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द आला नाही. आणि ह्याला सात ऐकू आले."

"अगं, हे बंद कर आधी!" आजोबा ओरडले.

"आनंद बंद करण्याची सोय नाही," गोडबोल्या म्हणाला.

कस्तुरीने मात्र सकाळीच भिंतीवरची बटणांची पेटी बघून ठेवली होती. चैनीच्या वस्तूंचा मुख्य खटका तिने खाड्कन खाली ओढला. सगळं गपगार झालं. खोलीमापक तेवढा टिकटिकत राहिला.

"आता तो शब्द काढायचा नाही," तिने बजावलं. आजोबा उरलेला सगळा रस्ता तोंड घट्ट मिटून, हाताची बोटं वर करून खोली दाखवत आले. आजी म्हणाली, हा प्रवास तिला फार आवडला.

जेट्टीवर निरीक्षक बाई आकड्यापाशी वाकल्या. सहा युनिट आणि वर थोडे. त्यांनी काचेवर टिचकी मारून खात्री केली.

"पाच पुरले असते," त्या म्हणाल्या आणि परवानगीवर सही केली.

कस्तुरीने श्वास सोडला. तो तिने सुरुंगी खडकापासून धरून ठेवला असावा. आजोबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि तिच्या डोक्यावर ती टोपी ठेवली.

संध्याकाळी कस्तुरीने गोडबोल्याला वाव हे हातांचं मापही असतं हे समजावलं, आणि मग त्याच्यासमोर पुन्हा निवड सुरू झाली. यावेळी कस्तुरी प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारत होती: किती वॉट, आणि किती वेळ? खुर्ची परत गेली. बर्फाची पेटी, पडदा आणि माशांचे दिवेही गेले. छपरावर उन्हापासून वीज करणारे सौरपत्रे आले, म्हणजे दिवसा नुसती उभी असतानाही बोट कमावणार होती.

"आणि मला चहाची विजेची किटली," आजी म्हणाली.

"पंधराशे वॉट," गोडबोल्या म्हणाला.

"मुळीच नाही!" आजोबा दचकले. "शीतयंत्राहून खादाड आहे ती!"

"पण किती वेळ, आजोबा?" कस्तुरी म्हणाली. "पाच मिनिटं. म्हणजे एका युनिटचा आठवा हिस्सा. खादाड आहे, पण लवकर हात धुऊन उठते."

आजोबांना हिशोबात चूक सापडली नाही. त्यांनी दोनदा शोधली.

आजी जेट्टीच्या कडेला पाय सोडून बसली. समोर दीपबेटाचा दिवा लागला होता, आणि आज ती त्याच्याकडे अलीकडच्या काठावरून बघत होती. "चला," ती म्हणाली, "आता रोज घरी यायला वाव आहे."

गोडबोल्याचे डोळे लुकलुकले. यावेळी त्याने कुठलंच बटण दाबलं नाही. "क्षमा असावी. हा वाव कोणता? हातांचा, की आनंदाचा?"

"हा तिसरा," कस्तुरी म्हणाली. "काहीतरी होण्याजोगी जागा असणं, त्यालाही वाव म्हणतात." तिने आजीकडे पाहिलं. "पण आज दुसराही लिहून ठेव."