मुका मार

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. सरकारी रुग्णालयामागचे शवागार. एक खोली, एक लोखंडी दार, बाहेर बाक. मी शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत घ्यायला गेलो होतो. तीस वर्षांच्या पत्रकारितेत अशा शेकडो प्रती घेतल्या; त्यांत भिण्यासारखे काही नसते.

मृत मुलगी एकोणीस वर्षांची. लहानपणापासून तिला फिट यायच्या, पण गोळ्यांनी आटोक्यात होत्या. प्रार्थनागृहातल्या एका इसमाने, ज्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, गोळ्या बंद करायला लावल्या. मग तिच्या अंगातले बाहेर काढायचे म्हणून, वळ उठू नयेत अशा बेताने वर जाड चादर टाकून, तिला दांडक्याने झोडपले. अहवालात लिहिले होते, ‘फिट येऊन श्वास कोंडला.’ जखमा दाखवण्यासाठी त्या कागदावर माणसाच्या पाठपोटाची छापील आकृती असते. ती कोरी होती. खाली सही करणारे डॉक्टर विद्यार्थ्यांना न्यायवैद्यक शिकवत, आणि दर आठवड्याला भाऊपुढे पहिल्या रांगेत डोळे मिटून बसत.

प्रेते शिवणाऱ्या कर्मचाऱ्याला तिथे शिंपी म्हणत. त्याने मला बाजूला घेतले.

“मुका मार लगेच दिसत नाही, साहेब. दुसऱ्या दिवशी वर येतो. म्हणून चोवीस तासांनी पुन्हा बघायची इथली पद्धत. आज डॉक्टर म्हणाले, बघायचं नाही. चारला ताब्यात द्यायची.”

म्हणजे संध्याकाळपर्यंत अंत्यविधी उरकणार आणि पुरावा संपणार. फेरतपासणी फक्त नातेवाईक मागू शकत होते. बाकावर तिची आई बसली होती. मी अर्ज पुढे केला. तिने तो माझ्याकडे परत सरकवला.

“मी कुठल्या तोंडाने मागू, दादा? पाय मीच धरले होते.”

मी टोपण काढून पेन तिच्यापुढे धरले.

“सत्तावीस मारले. मी मोजत होते... संपावेत म्हणून.”

तिने सही केली.

डॉक्टरांनी अर्ज वाचला आणि थकल्यासारखे हसले. म्हणाले, मेलेल्यांना न्याय लागत नाही, जिवंतांना श्रद्धा लागते. भाऊला आत टाकलंत तर हजार माणसं कुणाकडे बघतील? मी म्हणालो, आपापल्या आजारी मुलींकडे बघतील. त्यावर ते ताडकन उठले. कोरी आकृती पुन्हा कोरीच आणून देतो म्हणाले आणि एकटेच आत गेले. मी मागोमाग घुसू नये म्हणून आतून कडी लावली.

बाहेर ऊन होते. दाराखालून औषधाचा उग्र वास येत होता. आत चादर ओढल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

मग पहिला फटका.

ओली गादी धोपटावी तसा आवाज. डॉक्टर ओरडले. दुसरा. तिसरा. घाई नव्हती, मारणारा दर वेळी दम घेत असावा. “थांब... बाळ, थांब...” एवढे शब्द मी स्वतः ऐकले. शिंपी धावत पहार घेऊन आला, ती मी त्याच्या हातातून घेतली. आणि ती धरून दाराशी नुसता उभा राहिलो. का, ते मला विचारू नका. शेजारी आई हलक्या आवाजात मोजत होती. अकरा. बारा. डॉक्टरांचा आवाज चौदाव्यानंतर बंद झाला. फटके बंद झाले नाहीत.

“तिचे पाय आज कुणी धरलेले नाहीत,” आई म्हणाली, आणि पुढे मोजू लागली.

सत्तावीसनंतर शांतता. तेव्हा मी दार फोडले.

डॉक्टर पालथे पडले होते, बरगड्या आत गेलेल्या. खोलीत ना दुसरे दार, ना खिडकी. दांडका सोडाच, साधी काठी नव्हती. मुलगी टेबलावर, गळ्यापर्यंत चादर. कागदावरच्या आकृतीच्या पाठीवर सत्तावीस आडव्या रेघा होत्या, डॉक्टरांच्याच पेनाने, एकही थरथरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणीसाठी बाहेरून आलेल्या डॉक्टर बाईंनी दोन्ही देह तपासले. दोन्ही पाठींवर सत्तावीस. जागाही त्याच. त्यांच्या अहवालावरून भाऊ तुरुंगात गेला. डॉक्टरांबद्दल सरकारने कळवले की ते घसरून पडले. सत्तावीस वेळा घसरले का, हे मी छापून विचारले.

मी भुतेखेते मानत नाही. मानणाऱ्यांशी भांडण्यात माझे आयुष्य गेले. पण त्या बाईंच्या अहवालातली एक नोंद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मुलीच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, बराच वेळ काठी घट्ट धरल्यावर येतो तसा ताजा फोड. पाण्याने भरलेला, भोवती लाली. पहिल्या दिवशी प्रेत शिवताना शिंप्याने तो हात स्वतः धुतला होता. तेव्हा तळवा स्वच्छ होता. मेलेल्या कातडीला असा फोड येत नाही, हे डॉक्टर स्वतः पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवत असत.

त्या नोंदीबद्दल मी आरोग्य विभागाला तीन पत्रे लिहिली. तिन्हींची फक्त पोच आली आहे.