अकरा नंबरचं राहिलेलं इंजेक्शन

हसायचं तर खुशाल हसा. रक्ताचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर उडालेत, तुमच्या नाही!

रविवार. सकाळचे दहा. आत्याची प्रयोगशाळा.

आत्या तिथे मेंढ्या सांभाळते. मेंढीच्या मांडीत रक्तवाहिनीच्या जागी कृत्रिम नळी बसवतात आणि आत रक्त कसं गोठतं ते बघतात. त्या आठवड्यात नळी एकट्या अकरा नंबरला होती. तिला रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन.

शनिवारी सहाला आत्या माझं नाटक बघत होती. पहिल्या रांगेत. शिट्ट्या मारत.

"नौटंकी, इंजेक्शन राहिलं गं!" रविवारी दात घासता घासता ती ओरडली.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा नंबर मेलेली होती. मागचा पाय लाकडासारखा ताठ.

"तू बाहेर थांब. नळी लगेच काढून उघडावी लागते."

"मी नाही घाबरत."

"हो का? मग ट्रे धर."

तिने मांडी चिरली...

मेलेल्या जनावराचं रक्त उडत नाही म्हणे.

हे उडालं. थेट भिंतीपर्यंत.

बाकीच्या मेंढ्या कोपऱ्यात सरकल्या...

आत्याने बोटं आत घातली. मांस फाडत हाडापर्यंत गेली. टाके जागच्या जागी होते.

नळी नव्हती.

"अगं, गेली कुठे ही?"

आणि मेलेल्या मेंढीने लाथ घातली.

आत्या उडून पिंजऱ्याच्या गजांवर आदळली. तोंडातून रक्त, फरशीवर दात. परत लाथ. परत. तिच्या मांडीवर, एकाच जागी. मी ट्रेने मेंढीचं डोकं ठेचत सुटले. डोळे उघडे... श्वास नाही... पाय चालूच!

मग थांबली.

"नौटंकी... मला माझा पाय कळत नाहीये."

मी हात लावला. बर्फ.

ऑपरेशनला तीन तास लागले. सर्जन बाहेर आले ते थेट बाबांकडे.

"तुमच्या बहिणीच्या मांडीत कृत्रिम नळी कधी बसवली होती? आत रक्त पार गोठलं होतं."

"काहीतरीच काय! तिला आयुष्यात एक टाका पडलेला नाही."

"नळी आहे. आणि ती आता काढता येणार नाही."

पाय वाचला. रोज सहाला इंजेक्शन. ते मीच देते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

काल माझी बस चुकली. चार मिनिटं उशीर.

आत्या कॉटवर बसून हसायचा प्रयत्न करत होती. "जरा धावत ये की गं..."

मी मांडीला हात लावला.

गार पडायला लागली होती.