एका नावाच्या दोन छत्र्या

"आज नाल्याकडं जाऊ," जगदेव टोपली उचलत म्हणाला. "गायरानातल्या छत्र्या प्रोफेसरसायबाले लय झाल्या."

"पह्यले खेमाले बोलावू," विजयमाला म्हणाली. "त्याच्याइतक्या छत्र्या आपल्याले दिसत नाहीत."

ते एकोणीसशे छत्तीस साल होतं. पोळ्याची सुट्टी संपत आली होती. विजयमाला इंझोरीच्या दौलतराव पाटलांची मुलगी आणि जगदेव तिचा चुलतभाऊ. खेमा त्यांचा दोस्त, गावाबाहेरच्या तांड्यावरचा. पाटलांच्या ओसरीवर नागपूरच्या कॉलेजातले प्रोफेसर केळापुरे उतरले होते. पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंब्या, गावच्या बोलीत छत्र्या, गोळा करायच्या, वाळवायच्या, आणि कोणती कोणाची सख्खी, कोणती नुसती सारखी दिसणारी हे ठरवून प्रत्येकीला नाव द्यायचं, हे त्यांचं काम. या तिघांना त्यात शिकारीची गंमत वाटायची.

तांड्यावर पोचले तेव्हा मात्र बायकांचं रडणं ऐकू आलं.

खेमा बाभळीखाली एकटा बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "देवला गेला," तो म्हणाला.

देवला त्याचा धाकटा भाऊ. कालपर्यंत तो या तिघांच्या मागं धावायचा.

हळूहळू कळलं ते असं. घरातलं धान्य संपत आलेलं, नवं पीक अजून शेतात. म्हणून आदल्या दिवशी खेमाची एकटी राहणारी काकू रामीबाई खेमाला घेऊन पांढऱ्या छत्र्या वेचायला गेली होती. तिनं अर्ध्या जावेला, म्हणजे खेमाच्या आईला, बेबीबाईला दिल्या, अर्ध्या स्वतःच्या चुलीवर रांधल्या. खेमाच्या घरात सगळ्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. मोठी माणसं आणि खेमा तगले, देवला तगला नाही. आणि रामीबाईला काहीही झालं नव्हतं.

दुपारी दौलतराव तांड्यावर आले. त्यांनी रामीबाईला समोर उभं केलं.

"एकाच टोपलीतल्या छत्र्या. तू बी खाल्ल्या, मंग तुले कायी काहून नाही झालं?"

"मले काय माहीत, पाटील."

"तुहं न् बेबीबाईचं भांडण होतं का नाही?"

"होतं. पण लेकरू माह्या मांडीवर वाढलं."

दौलतरावांनी पुढं काही विचारलं नाही. "बैलगाडी लावा. हिले आजच शेलूबाजारच्या पलीकडं सोडून या," ते म्हणाले आणि वळले. खेमाचा बाप गोविंदसिंग जमिनीकडं बघत राहिला.

"ती असं करनार नाही," खेमा कुजबुजला. "तिनंच तर देवलाले चालाले शिकवलं."

विजयमालेच्या डोक्यात बाबांचा प्रश्न घोळत होता. प्रश्न बरोबर होता, पण बाबा उत्तरासाठी थांबले नव्हते.

"खेमा, छत्र्या कोठून आनल्या होत्या?"

"पह्यले गायरानातून. मंग नाल्याकाठून."

"मंग टोपलीत खाली गायरानातल्या न् वर नाल्याच्या. काकूनं सोताले कोनत्या ठेवल्या?"

खेमानं आठवून पाहिलं. "वरच्या. खालच्या सगळ्या आमच्याकडं आल्या."

तिघं धावतच निघाले. दोन्ही जागांवरच्या ताज्या छत्र्या वेगवेगळ्या फडक्यात बांधून त्यांनी प्रोफेसरांपुढं ठेवल्या. प्रोफेसर केळापुऱ्यांनी भिंग काढून त्या कितीतरी वेळ पाहिल्या. पांढरी टोपी, टोपीवर तपकिरी खवले, देठावर कडं. दोन्हीकडं तेच.

"विलायतेच्या पुस्तकात या दोन्हींना एकच नाव आहे," ते म्हणाले. "पुस्तक लिहिणाऱ्यानं वाळलेल्या अळंब्या पाहिल्या होत्या. मला पहिल्यापासून शंका होती की या दोन जाती आहेत. पण शंकेला कुणी पुरावा म्हणत नाही."

"पुरावा कसा भेटते?" जगदेवनं विचारलं.

प्रोफेसरांनी फोटोच्या काचांभोवतीचा काळा कागद काढला आणि पांढऱ्या कागदाला जोडून ठेवला. दोन्ही जागांची एकेक टोपी जोडावर पालथी ठेवली आणि वर वाडगी झाकली. "टोपीखालच्या पडद्यांतून बारीक भुकटी गळते. ते अळंबीचं बी समजा. रूप फसवतं, भुकटीचा रंग सहसा फसवत नाही. पण सकाळपर्यंत थांबावं लागेल."

"गाडी तर आत्ताच निघून राह्यली," विजयमाला म्हणाली.

प्रोफेसर दौलतरावांशी बोलायला गेले. "तुमी छत्र्या पाहा, प्रोफेसर. गावचं मी पाहातो," एवढं ऐकून परत आले.

मग जगदेव गुपचूप गोठ्याकडं गेला. गाडीच्या चाकांच्या खिळी उपसून त्यानं कडब्याच्या गंजीत खोल खुपसल्या. गडी बैल जुंपायला आला तर चाकं सुटायला लागली. लोहार सणाला सासुरवाडीला गेलेला. गड्यानं गाडी उद्यावर टाकली. मुलांना हायसं वाटलं. एक दिवस मिळाला, तेवढाच हवा होता.

सकाळी प्रोफेसरांनी वाडगी उचलली. नाल्याकाठच्या टोपीनं काळ्या कागदावर पिठासारखा पांढरा ठसा उमटवला होता. गायरानातल्या टोपीखाली दोन्ही कागदांवर मळकट हिरवा ठसा होता.

खेमानं हिरव्या भुकटीला बोट लावलं आणि बोट पुन्हा पुन्हा मातीला पुसलं.

"आता हिला वेगळं नाव देता येईल," प्रोफेसर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "वर्षभरात छापून येईल."

"त्याच्यानं देवला येनार हाये?" खेमानं विचारलं.

कागद घेऊन सगळे दौलतरावांकडं गेले. त्यांनी दोन्ही ठसे उजेडात धरून पाहिले, खेमाचं टोपलीचं सांगणं ऐकलं. त्यांना पटलं. त्यांनी जगदेवच्या पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठे! विजू, तू तं वकिलाच्या वरताण निघाली."

"मंग रामीकाकूले थांबवा, बाबा."

तेवढ्यात गडी आला. रामीबाई गाडीची वाट न पाहता पायीच निघून गेली होती. झोपडी रिकामी होती.

जगदेवचा चेहरा उतरला. त्यानं गाडी अडवली होती, रामीबाईला कोणी काही सांगितलंच नव्हतं. प्रोफेसरांनी शेलूबाजारला माणूस धाडला. तो संध्याकाळी हात हलवत परतला.

"बाबा, तुमी तांड्यावर येऊन सांगा का तिनं कायी नाही केलं," विजयमाला म्हणाली.

दौलतरावांनी पानाचा डबा पुढं ओढला. "ती तं गेली आता. कोनाले सांगाव, न् कायले?"

मग विजयमाला खेमाबरोबर स्वतःच तांड्यावर गेली आणि जमलेल्या माणसांना तिनं सगळं सांगितलं. माणसांनी ऐकून घेतलं. बेबीबाईनं पदर तोंडावर ओढला. गोविंदसिंगनं विजयमालेच्या डोक्यावर हात ठेवला. "शायनी पोरगी हायेस," तो म्हणाला.

परतताना रामीबाईची झोपडी लागली. तिचं छप्पर कोणीतरी उतरवून नेलं होतं आणि कुडाच्या काठ्याही उपटायला घेतल्या होत्या.

"ती कोनत्या रस्त्यानं गेली," खेमा म्हणाला, "ते बी कोनी पाह्यलं नाही."